ईजीआर बंद करण्याआधी, बाबू, एवढं ऐक

बाबू, जुनी डिझेल गाडी घेतलीस ते बरंच केलंस. शेताची खेप, आईचा दवाखाना, पाहुण्यांची ने-आण, सगळ्याला ती पुरेल. पण फोनवर जे म्हणालास ते डोक्यातून जात नाही. "मोठेबाबा, मिस्त्री म्हणतो ईजीआर बंद करून टाकू. पिकअप वाढेल, काजळीची कटकट जाईल." तुझ्या आवाजावरून कळलं, तू अर्धा तयार झालाच आहेस. खोलायची आणि काढून टाकायची घाई तुला लहानपणापासूनची. नव्या सायकलची घंटी तरी दोन दिवस धड राहू दिली होतीस का?

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. ईजीआर बंद करू नको. साफ कर, दुरुस्त कर, गेलाच असेल तर बदल.

ते यंत्र करतं काय, हे एकदा नीट समजून घे. सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा भाग परत इंजिनात सोडणारा हा व्हॉल्व्ह. त्या धुरात ऑक्सिजन कमी असतो. चुलीत जाळ फार भडकला की तुझी मोठी आई त्यावर थोडी राख लोटते, तेच काम हा धूर सिलिंडरमध्ये करतो. जाळ नरमतो. हे काहून लागतं? हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमधला जाळ सुमारे १५०० अंशांच्या पुढे गेला की तो ऑक्सिजनला धरतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. छातीला त्रास देणारा, दम्याच्या माणसाला हैराण करणारा वायू तो हाच. ईजीआर त्याला मुळातच कमी तयार होऊ देतो.

१. ईजीआर सदानकदा उघडा नसतो — पुसदच्या बाजूचा चढ चढताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलास की तो आपणहून मिटतो, म्हणून "बंद केल्यावर चढाला ताकद येईल" हे धड चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या बाबतीत खरं नाही.

२. बंद केल्यावर गाडी खरंच मोकळी पळाली, तर समज की व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता — म्हणजे बिघाड होता तो झाकला गेला. साफ केला असता तरी तेवढीच पळाली असती.

३. आपल्या गाडीतला ईजीआर कोणत्या जातीचा ते आधी पाहून घे — जुन्या गाड्यांत तो बहुधा बारीक रबरी नळीतल्या व्हॅक्यूमवर चालतो, नंतरच्यांत वायर जोडलेल्या मोटरवर किंवा सोलेनॉइडवर, आणि दोघांची दुरुस्ती वेगळी.

४. गाडी बीएस कितीची तेही विचारून ठेव — देशभर बीएस-४ हे १ एप्रिल २०१७ पासून आलं आणि बीएस-६ हे १ एप्रिल २०२० पासून; बीएस-६ गाडीत ईजीआर, काजळीचा फिल्टर आणि कॉम्प्युटर एकमेकांत असे गुंतलेले असतात की एकाला छेडलं की तिघं बिघडतात.

५. ॲव्हरेजच्या आशेनं बंद करणार असशील तर आधी टायरची हवा, एअर फिल्टर आणि चाकाला घासणारा ब्रेक पाहा — डिझेल जास्त करून तिथं सांडतं.

मिस्त्रीला खोटं ठरवायचं नाही मला. तो पोटासाठी राबणारा माणूस आहे आणि त्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. धूर परत आत सोडला की काजळी आत येते. इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ तिला भेटली की मॅनिफोल्डच्या आतून काळा, चिकट थर बसतो. बोट घातलं तर डांबरासारखं निघतं. व्हॉल्व्ह बुजवला की हा थर वाढायचा थांबतो, हे खरं. पीयूसीही निघते, हेही खरं.

आणि इथंच भले भले फसतात. डिझेल गाडीची पीयूसी कशी होते ते एकदा उभं राहून बघ. गाडी न्यूट्रलला, सायलेन्सरमध्ये नळी, मग रेस देऊन धुराचा दाटपणा मोजतात. एवढंच. नायट्रोजनचे ऑक्साइड तिथं मोजलेच जात नाहीत. ईजीआर बुजवला की दिसणारा धूर उलट कमी होऊ शकतो, आणि न दिसणारा वायू वाढतो. मशीन पास म्हणते, मालक खूश होतो, मिस्त्री म्हणतो, "बघा, सांगितलं होतं ना?" दिसणारा धूर मालकाला लाजवतो, न दिसणारा शेजाऱ्याला खोकवतो.

तू म्हणशील, यवतमाळात अशा किती गाड्या, आणि दिल्लीसारखी हवा आपल्याकडे कुठं? तर एक गोष्ट ऐक, शेतकऱ्याच्या पोरानं ऐकावी अशीच आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९४० नंतरच्या वर्षांत डोळे चुरचुरवणारं धुकं पसरायचं आणि आजूबाजूच्या शेतातल्या भाज्यांची पानं खराब व्हायची. तिथल्या कॅलटेक संस्थेत आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे हॉलंडचे प्राध्यापक होते. त्यांचा अभ्यास वनस्पतींच्या रसायनांचा. गाड्या आणि तेल कारखान्यांतून निघणारी इंधनाची वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन आणि तसलेच पदार्थ तयार होतात आणि पानांना तेच खातात, हे त्यांनी १९५० च्या आसपास दाखवून दिलं. पुढं १९७० च्या दशकात तिकडच्या पेट्रोल गाड्यांना ईजीआर लागला, मग डिझेलला. म्हणजे ज्या वायूसाठी हा व्हॉल्व्ह जन्माला आला, त्याचा छडा लावताना माणसं शेतातल्या पानांपर्यंत गेली होती.

हा ओझोन शहरात तयार होऊन शहरातच बसत नाही. वाऱ्यानं शिवारात जातो. गहू आणि सोयाबीन ही त्याला लवकर बळी पडणारी पिकं. आपलं ऊन कसं असतं ते तुला सांगायला नको. तुझ्या एका गाडीनं कोणाचा गहू वाळणार नाही, हे मलाही कळतं. पण प्रत्येक गॅरेजात प्रत्येक जुन्या गाडीला हाच सल्ला मिळतो, आणि प्रत्येकाला वाटतं आपली एकच तर गाडी आहे. मोठ्या कंपन्यांनाही असंच वाटलं असावं. फोक्सवॅगननं कसोटीच्या वेळी वेगळी आणि रस्त्यावर वेगळी वागणारी डिझेल इंजिनं विकली, ते २०१५ साली उघडकीला आलं. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय संस्थेनं गाड्या तपासल्या, कंपनीनं भारतात ३ लाख २३ हजारांवर गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या आणि २०१९ मध्ये हरित लवादानं तिला ५०० कोटींचा दंड सांगितला. त्याआधी २०१३ मध्ये आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या तवेराच्या १ लाख १४ हजार गाड्या धुराच्याच नियमांपायी जनरल मोटर्सला परत बोलवाव्या लागल्या होत्या. जे कंपनीनं केलं तर आपण चिडतो, ते घरच्या गाडीत आपल्या हातानं करावं, हे मला पटत नाही.

६. कायद्याचं भय घालत नाही, माहीत मात्र असू दे — २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाहेरच्या फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे; त्यात मिस्त्रीचं नाव नाही, मालकाचं आहे.

७. पीयूसीची तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेव — बीएस-४ च्या आधीच्या गाडीला ती सहाच महिने पुरते.

८. पंधरा वर्षं भरायला आली असतील तर एमएच-२९ च्या कार्यालयात फेरनोंदणीला जाण्याआधी गाडी मूळ रूपात आण — तपासणीच्या दिवशी बुजवलेल्या नळ्या शोधत बसण्यापेक्षा आधीच्या महिन्यात साफ केलेल्या बऱ्या.

आता कामाचं. ईजीआर आपणहून चोंदत नाही, त्याला कोणीतरी चोंदवतं. नळी बुजवली म्हणून काजळी संपत नाही, पत्ता तेवढा बदलते. म्हणून साफ करायच्या आधी ती येते कुठून ते शोधायचं. आपल्या जिल्ह्यात तिची कारणं ठरलेली आहेत: धूळ, कापसाची रुई, छोट्या फेऱ्या आणि तेलाचा आळस.

९. एअर फिल्टर पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावरच उघडून बघ — हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी होते. वणीकडच्या कोळशाच्या रस्त्यांवर किंवा कापसाच्या हंगामात जिनिंगजवळून जाणं-येणं असेल तर त्याहूनही लवकर.

१०. फिल्टरला हवा मारायची तर आतून बाहेर, आणि हलक्या दाबानं — बाहेरून मारलीस तर धूळ कागदात आणखी खोल घुसते, जोरात मारलीस तर कागद फाटतो आणि मग धूळ थेट इंजिनात.

११. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या पुढं कधी जाऊ देऊ नको — जादा तेल ब्रीदरमधून उडतं आणि काजळीला चिकटायला तेच लागतं.

१२. तेल न घालता पातळी वाढत चालली असेल तर त्याच दिवशी मिस्त्री गाठ — इंजेक्टरमधून डिझेल तेलात उतरत असू शकतं, आणि पातळ झालेलं तेल बेअरिंग खातं.

१३. तेल आणि तेलाचा फिल्टर एकाच वेळी, ठरल्या अंतरावर, पुस्तिकेतल्या ग्रेडचंच घाल — तेल बदलायला कंटाळला, तो इंजिन खोलायला बसला.

१४. टर्बो ते इंटरकूलर ते मॅनिफोल्ड, या रस्त्यातल्या रबरी होजवर महिन्यातून एकदा हात फिरव — जिथं तेलकट धुळीचा ओला डाग दिसेल तिथं चीर आहे किंवा क्लिप सैल आहे. दाबाची हवा तिथून पळते, गाडी काळा धूर सोडते आणि नाव ईजीआरचं होतं.

१५. हवा मोजणारा सेन्सर बोटानं किंवा फडक्यानं पुसू नको, त्याचा खास स्प्रे मिळतो तोच मार — बऱ्याच गाड्यांत ईजीआर किती उघडायचा हे कॉम्प्युटर त्याच्या मापावरून ठरवतो. तो चुकला की व्हॉल्व्ह चांगला असून चुकतो.

१६. कॅनमधलं, रस्त्याकडेच्या दुकानातलं डिझेल स्वस्त मिळालं तरी घेऊ नको — पंपावर २०२० पासून मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत फक्त १० भाग असतं, बीएस-३ च्या काळात ते ३५० पर्यंत असायचं. गंधक कमी म्हणजे ईजीआर आणि त्याच्या कूलरला खाणारं आम्लही कमी.

थर्मोस्टॅटबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे हा घोळ घरोघरी आहे. उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात गेला की कोणीतरी सांगतं, थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही. काढतात. गाडी तापत नाही, पण मग ती कधीच पुरती गरमही होत नाही. हिवाळ्यात सकाळी तर काटा खालीच पडलेला. गार इंजिनात डिझेल धड जळत नाही, काजळी होते, तेलात ओलावा राहतो, आणि दोन वर्षांनी मालक म्हणतो ईजीआरनं वाट लावली. एक भाग काढला म्हणून दुसरा चोंदला, आता दुसराही काढा, असं करत करत गाडीत राहील काय?

१७. गाडी घेतलीस त्याच आठवड्यात थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते विचार, नसेल तर बसव — दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर काटा नेहमीच्या जागी येऊन स्थिर राहायला हवा; चालत्या गाडीत तो खाली उतरत असेल तर काहीतरी गडबड आहे.

१८. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली रुई, किडे आणि धूळ हंगाम संपला की पाण्याच्या हलक्या धारेनं काढ — तापणाऱ्या गाडीचा खरा इलाज तिथं आहे.

१९. दत्त चौकातून भाजी आणायला गाडी काढू नको रे, पायी जा — दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन गरम होण्याआधीच बंद होतं, आणि काजळीला असंच इंजिन आवडतं.

२०. आठवड्यातून एकदा तिला मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालव, टॉपच्या एक गिअर खाली, दोन ते अडीच हजार आरपीएमवर — कळंबच्या चिंतामणीचं दर्शन होईल आणि इंजिनही तापून निघेल. जुना जाड थर यानं जाणार नाही, नवा मात्र सावकाश बसेल.

२१. पाचव्या गिअरमध्ये चाळीसवर गाडी ओढत नेऊ नको, गिअर खाली घे — कमी फेऱ्यांत जोर मागितला की डिझेल जास्त आणि हवा कमी, मग धूर.

२२. सकाळी गाडी चालू करून अंगणात वीस मिनिटं गुरगुरत ठेवू नको — तेल वर चढायला अर्धा-एक मिनिट पुरतं, त्यानंतर हळूहळू चालवत गरम करावी. नुसत्या उभ्या गाडीत काजळीच साठते.

२३. लांबून दौडत आलास की किल्ली फिरवण्याआधी मिनिटभर थांब — टर्बोतलं तेल वाहतं राहतं, सील टिकतात, आणि टर्बोचं तेल ईजीआरच्या वाटेला येत नाही.

आता साफसफाई. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, अवघड नाही, पण यात घाई चालत नाही. घाईचा मिस्त्री बोल्ट मोडतो आणि घाईचा मालक त्याला मोडायला लावतो.

२४. इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय हात घालू नको — ही नळी थेट धुराच्या वाटेवरची आहे, भाजलं की आठवडा जातो.

२५. गंजलेल्या बोल्टवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेव — मॅनिफोल्डमध्ये तुटलेला बोल्ट काढायचा खर्च साफसफाईपेक्षा जास्त होतो.

२६. व्हॉल्व्ह काढून बाहेर साफ कर, चालू इंजिनाच्या तोंडात स्प्रेचा मारा करू नको — जळणारा द्रव आत साचला तर डिझेल इंजिन स्वतःच रेस धरतं आणि किल्ली काढली तरी थांबत नाही.

२७. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडू नको. कार्बन क्लीनर, मऊ ब्रश आणि धीर, एवढंच वापर — व्हॉल्व्हच्या बैठकीवर एक ओरखडा पडला की तो मिटूनही गळत राहतो.

२८. मोटरवाला व्हॉल्व्ह पेट्रोलच्या डब्यात बुडवून ठेवू नको — धातूचा भाग साफ होईल, आतली मोटर मरेल. आणि उघड्या पेट्रोलजवळ कोणी बिडी पेटवणार नाही याची खात्री काय?

२९. नुसता व्हॉल्व्ह पुसून परत लावू नको, त्याची नळी आणि मॅनिफोल्डचं तोंडही बघ — निम्मा रस्ता चोंदलेला राहिला तर महिनाभरात तीच तक्रार.

३०. पॅकिंग नवंच टाक — जुन्या पॅकिंगमधून धूर फुसफुसतो, बॉनेटखाली काळं होतं आणि आवाजही येतो.

३१. मोटरवाला असेल तर बसवल्यावर स्कॅनर लावून त्याची उघड-मीट कॉम्प्युटरला पुन्हा शिकवून घे — बऱ्याच गाड्यांना हे लागतं, नाहीतर साफ व्हॉल्व्हवरही चेक लाइट लागतो.

३२. व्हॅक्यूमवाला असेल तर हातपंपानं ओढून बघ — आतला पडदा हलला आणि व्हॅक्यूम धरून राहिला तर व्हॉल्व्ह ठीक. हलला नाही तर जाम, धरला नाही तर पडदा फाटलेला. आणि व्हॉल्व्ह बदलण्याआधी त्या नळ्याही तपास, उन्हानं तडकलेली थोड्या पैशांची रबरी नळी सगळा दोष असू शकते.

३३. कूलंट कमी होतंय पण खाली थेंब दिसत नाही, आणि सकाळी पांढरा धूर येतोय, तर ईजीआरचा कूलर आतून फुटलेला असू शकतो — हे मात्र टाळू नको; पाणी सिलिंडरमध्ये उतरलं तर इंजिनच बसेल. हेड पॅकिंगचीही हीच लक्षणं असतात, म्हणून दोन्ही तपासायला सांग.

३४. रस्त्यात चेक लाइट लागून गाडीचा जोर गेला तर घाबरून तिथंच खोलाखोल करू नको — इंजिन स्वतःला जपायला ताकद कमी करतं. काटा आणि तेलाचा दिवा ठीक असेल तर पांढरकवडा असो की उमरखेड, पुढच्या मोठ्या गावापर्यंत हळूहळू जा आणि आधी कोड वाचून घे.

३५. कोड न वाचता नुसता पुसून देणाऱ्याला पैसे देऊ नको — दिवा विझला म्हणजे दुखणं गेलं असं नाही.

तुझी गाडी दुसऱ्याच्या हातून आलेली आहे, म्हणून हेही बघून घे. दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला बंदी आली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन बाहेरच्या राज्यांत जाऊ लागल्या. तुझी तिकडची असो की इथली, आधीच्या मालकानं ईजीआर कधीचाच बुजवला असेल तर? मग तू ज्याला बंद करायला निघालास तो मुळात चालूच नाही, आणि पिकअपची तक्रार भलत्याच कारणाची आहे.

३६. व्हॅक्यूमची नळी व्हॉल्व्हपासून टोकापर्यंत दोन बोटांत दाबत जा — मध्येच कडक गोळा लागला तर आत सायकलचा छर्रा बसवलेला आहे. हा फार जुना उपाय, बाहेरून काहीच दिसत नाही.

३७. ईजीआरच्या नळीच्या जोडावर टॉर्च मारून बघ — पॅकिंगच्या कडेला पत्र्याची चकचकीत किनार डोकावत असेल तर तिथं बिनभोकाची पट्टी मारलेली आहे.

३८. किल्ली फिरवल्यावर चेक लाइट क्षणभर लागून विझतो का पाहा — लागतच नसेल तर बल्ब काढलाय किंवा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदललाय. प्रोग्रॅम बदललेली गाडी मूळ स्थितीला आणायला खर्च येतो, तो सौद्यातून कापून घ्यायचा असतो.

३९. गाडीत एक वही ठेव आणि तेल, फिल्टर, ईजीआर कधी साफ केला ते किलोमीटरसह लिही — पुढच्या मिस्त्रीला तू सांगशील ते आठवणीतलं असतं, वहीतलं नेमकं असतं.

४०. मिस्त्रीशी भांडू नको, त्याला तीन प्रश्न विचार: व्हॉल्व्ह उघडा अडकलाय की मिटून, कोड काय आला, आणि काजळी कुठून येतेय — तिन्हींची उत्तरं देणारा सापडला तर त्याला सोडू नको, हाताला धरून ठेव आणि त्याची मजुरी घासाघीस न करता दे.

४१. "बंद करायचे किती?" असं न विचारता "साफ करायचे किती, आणि पॅकिंग कुठं मिळेल?" असं विचार — गिऱ्हाईक जे मागतं तेच गॅरेज विकतं, आणि चार जणांनी साफसफाई मागितली तर पाचव्याला बंद करायचा सल्ला आपोआप कमी मिळेल.

व्हॉल्व्ह खरंच गेला असेल, पडदा फाटला असेल, मोटर जळली असेल, तर नवा घे. पैशाची अडचण असेल तर मला सांग, सोयाबीनचे पैसे आले आहेत. भंगारातला घ्यायचाच झाला तर त्याच गाडीचा, त्याच नंबरचा घे आणि बसवण्याआधी हातपंपावर किंवा बॅटरीवर हलतो का ते दुकानातच पाहून घे. आणि शनिवारी गाडी गॅरेजला टाकशील तेव्हा तिथं उभा राहा. जुनं पॅकिंग काढलेलं आणि नवं बसवलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मगच पैसे दे.